हौदावरचा डावा पंजा

बाई,

परवा आमच्या शेतावर एका शाळेची सहल येऊन गेली. अडतीस मुलं आली होती आणि अडतीसही आपापल्या घरी पोचली. संध्याकाळी त्यांच्या मॅडमचा फोन आला, शेवटच्या मुलीला आत्ताच तिच्या आजीच्या हवाली केलं म्हणून. तो ठेवला आणि मी ओट्यावर जी बसले ती अर्धा तास उठलेच नाही. भावजय चहा घेऊन आली आणि म्हणाली, दमल्या का हो तुम्ही. दमले नव्हते. दिवसभर घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं होतं. हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि पहिलं नाव तुमचं आलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे त्याच्यानंतर आठवलं.

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी जालना सोडलं आणि केदारखेड्याजवळच्या आमच्या शेतावर राहायला आले. शेत माझा धाकटा भाऊ बघतो. मोसंबीची बाग आहे, हरभरा असतो, आणि दोन एकरांत तो बियाणं कंपनीसाठी बीजोत्पादनाचा प्लॉट घेतो. दोन वर्षांपूर्वी नवीन जालन्यातल्या एका शाळेच्या मॅडम ओळखीनं आल्या आणि मुलांना एक दिवस शेत दाखवाल का असं विचारलं. मोसंबी झाडाला लागते की वेलाला, यावरून म्हणे त्यांच्या वर्गात भांडण झालं होतं. भाऊ लगेच हो म्हणाला. त्याला पाहुणे आवडतात. मी मात्र दोन दिवस मागून घेतले. ते दोन दिवस मी शेतातून तुमच्यासारखी हिंडले, बाई. तुम्ही कुठंही गेलात की आधी उभ्या राहायचात आणि नुसतं बघायचात, आठवतं? आम्हाला वाटायचं तुम्ही दम खाताय.

ज्या शेतात मी लहानाची मोठी झाले त्यात इतक्या गोष्टी लेकरांच्या जिवावर उठणाऱ्या आहेत हे मला साठीत कळलं. शेततळं सगळ्यात वाईट. आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. एकदा ओला झाला की पोहता येणारा धट्टाकट्टा माणूससुद्धा त्यावरून वर येऊ शकत नाही, पाय घसरून परत पाण्यात जातो. भावानं भोवती जाळी मारली होती, पण फाटकाला तारेचा नुसता आकडा. मी कुलूप आणवलं. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडायला लावले, त्यांच्या टोकाला हवा भरलेल्या ट्यूब. फवारणीचा पंप, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, विळे, कोयते सगळं एका खोलीत घालून तिची किल्ली माझ्या कमरेला लावली. ट्रॅक्टरची किल्लीही तिथंच. मारका गोऱ्हा त्या दिवसापुरता शेजारच्या शेतात. आणि हरभऱ्यावर पंधरा दिवस आधीपासून फवारा मारायचा नाही, कारण मुलं घाटे सोलून खाणार. यावर भाऊ चिडला. अळी पडायला लागली होती. म्हणाला, "अक्का, शेत हाय हे, दवाखाना न्हाई. आपण काय मरून गेल्तो का लहानपणी?" मी म्हटलं, आपण नाही गेलो. आमच्याच गावातली, लहानपणी गेलेली दोन नावं त्यालाही माहीत होती.

त्यानं सगळं ऐकलं आणि तेव्हापासून सहली येऊ लागल्या, तरी परवा सकाळी त्यानं एक घोळ घातलाच. बस यायच्या आधी मी गोठ्याकडून फिरून आले, तर आंब्याखाली त्यानं चौरंग मांडलेला. वर धुतलेलं फडकं, आणि त्यावर स्टीलच्या ताटल्यांमध्ये बियाणं. गहू, हरभरा, ज्वारी, मका, कपाशी. मुलांनी ओळखायचं. कौतुकानं मांडलं होतं त्यानं. मधल्या दोन ताटल्या मात्र गुलाबी होत्या. औषध लावलेली मका आणि औषध लावलेली सरकी, पिशवीतून निघतात तशी, लखलखीत गुलाबी. जत्रेतल्या साखरेच्या गोळ्या दिसाव्यात तशी. मी ताटल्या उचलल्या तर तो म्हणाला, "तेच तर खरं चांगलं बी हाय, ते कशाला उचलती?" बाई, तो खोटं बोलत नव्हता. आमच्याकडं चार दशकं गुलाबी रंग म्हणजे उगवणारं बी, कंपनीचं बी, असंच डोळ्यांत बसलंय. तो रंग ते खाऊ नये म्हणून दिलेला असतो, हे त्याला माहीत असून माहीत नव्हतं. मी नुसतं विचारलं, तू सात वर्षांचा असतास तर यातलं काय उचललं असतंस? त्यानं ताटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ताटल्या स्वतः नेऊन खोलीत ठेवल्या. चौरंगावर पडलेले दोन दाणेही वाकून वेचले. मग हात धुवायला गेला. न सांगता.

हात धुणं ही तर तुमचीच गोष्ट. आमची चौथीची सहल तुम्ही गावातल्याच एका मोठ्या बागाईतदाराच्या मळ्यात नेली होती. चालत. आम्ही एकतीस जण. आदल्या दिवशी तुम्ही लाल साबणाच्या वड्या दोऱ्यानं कापून त्यांचे तुकडे केले होते आणि निघताना प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला होता. आमच्या घरी जनावरं होती, त्यांचं शेण काढून आम्ही हात फ्रॉकला पुसायचो आणि भाकरी खायचो. आम्हाला या साबणाचं हसू आलं होतं. तुम्ही म्हणालात, जनावराला लागलेला हात तोंडाला लागायच्या आधी साबणाला लागला पाहिजे. आणि मळ्यात विहिरीजवळच्या हौदावर तुम्ही आम्हाला ओळीनं उभं केलंत. हात धुवायचे, आणि धुतलेला ओला उजवा पंजा हौदाच्या सिमेंटच्या भिंतीवर उमटवायचा. ऊन होतं, पंजे वाळून जायच्या आत तुम्ही भराभर मोजायचात. धुतलेले हातही मोजून व्हायचे आणि पोरंही. गाईम्हशी बघून झाल्यावर एकदा, आणि परत निघताना एकदा. मला आजवर याहून सोपी हजेरी दिसलेली नाही.

परत निघतानाची हजेरी. मी अजून त्या ओळीत उभी आहे. माझी मैत्रीण, जिच्याशी माझी पाटी-पेन्सिल एकत्र असायची, ती ओळीत नाही. ती विहिरीपलीकडच्या बोरीकडं गेलीय. मी पंजा उमटवते, पुढं सरकते, आणि तुम्ही मागच्या मुलाचं नाक पुसायला वळता तेवढ्यात दुसरा पंजा उमटवते. डावा. उजवाच परत मारला तर दोन्ही सारखे दिसतील आणि पकडली जाईन, असा माझा हिशेब. डावा हात वेगळा दिसेल, म्हणजे वेगळ्या पोरीचा वाटेल. तुम्ही मोजलंत. एकतीस. तुम्ही "चला" म्हणालात आणि पोरं वळलीसुद्धा. आणि तुम्ही पुन्हा भिंतीकडं बघत थांबलात. तीस पंजांचे अंगठे गावाकडं होते. एकाचा विहिरीकडं.

तुम्ही ओरडला नाहीत. माझ्यासमोर उकिडव्या बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "खोटं का केलंस ते मी नंतर विचारीन. आत्ता फक्त सांग, ती कुठंय?" मी बोट दाखवलं. तुम्ही पळालात तसं मी तुम्हाला आधी कधी पळताना बघितलं नव्हतं, पदर खोचून, चपला तिथंच टाकून. त्या विहिरीला कठडा नव्हता आणि बोर तिच्यावर झुकलेली होती. मैत्रीण फांदीवर पालथी पडलेली, फ्रॉक काट्यांत अडकलेला, खाली हिरवं पाणी. तिला आमचा आवाज ऐकू येत होता, तरी ती ओरडली नव्हती. ओरडलं तर मार बसेल म्हणून. मळ्यातल्या गड्यांनी दोर टाकून तिला काठावर घेतलं. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होतात. तिच्या ओच्यातली बोरं एकही सांडली नव्हती.

संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या खोलीवर बोलावलंत. मला वाटलं, आमच्या बाबांनाही बोलावलं असणार. पण तिथं तुम्ही एकट्याच होतात, स्टोव्हवर वरण उकळत होतं आणि तुम्ही परातीत पीठ मळत होतात. मला पाटावर बसायला सांगितलंत. पिठाचा गोळा उलटवून पुन्हा मळलात. मग म्हणालात, "थोडी जास्त हुशार असतीस, तर ती पोरगी तिथंच राहिली असती." एवढंच. हे वाक्य मला पाठ आहे, पुढं लोकांच्या बातम्या तपासताना ते किती वेळा कानाशी आलं ते सांगता येणार नाही. त्यानंतर तुम्ही पिठाचा हात तसाच धरून विचारलंत, तिनंच सांगितलं ना तुला पंजा मारायला? मी मान हलवली. तुम्ही म्हणालात, ती धांदरट आहे, तिच्या नादी लागू नको. मला गरम पोळी आणि गूळ दिलात. बाबांना काही सांगितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला वर्गात मागं बसवलंत, आणि उन्हाळ्याच्या आधी तुम्ही आम्हाला आगगाडी दाखवायला जालन्याच्या स्टेशनावर नेलंत, तेव्हा तिला नेलं नाहीत. मी आगगाडी बघितली. फलाटावर पडलेलं एक पुठ्ठ्याचं तिकीट तिच्यासाठी उचलून आणलं. तिनं ते घेतलं.

आता परवाचं. दुपारपर्यंत सगळं छान झालं. मुलांनी गाईला चारा दिला, आमच्या हौदावर हात धुतले, पंजे उमटवले, अडतीस. हरभरा उपटला, मोसंबी तोडली, हात धुतले, पुन्हा पंजे, मग जेवली. कोणी पाटाच्या पाण्यात पडलं, कोणाला लघवीला लागली, एकाला माशी चावली तर तो मोठ्या अभिमानानं सगळ्यांना दाखवत हिंडला. निघायच्या वेळी मी त्यांना शेवटचं हौदावर उभं केलं. तुमचेच शब्द, उजवा हात, स्वच्छ, ओला. ज्यांचं झालं त्यांतल्या काहींना घेऊन दुसऱ्या मॅडम घराकडं बाथरूमला गेल्या. बाकीची मुलं कुठं बसमध्ये चढतायत, कुठं उतरतायत. मी पंजे मोजले. अडतीस. मोठ्या मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, निघू या. आणि मी भिंतीकडं परत बघितलं.

बाई, सदतीस अंगठे एका बाजूला होते आणि एक दुसऱ्या.

मी विचारलं, हा डावा हात कुणाचा? कुणी बोलेना. पुन्हा विचारलं. मुलं नुसती एकमेकांकडं बघायला लागली. घराकडं किती गेली आहेत, मॅडमना विचारलं. तीन असतील, किंवा चार, त्या म्हणाल्या. दुसऱ्या मॅडमना फोन लावला तर तो बसमधल्या त्यांच्या पर्समध्ये वाजायला लागला. मी भावाकडं नुसतं बघितलं. तो पळाला. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघा दुखतो म्हणून पायरी चढत नाही, तो ढेकळांतून शेततळ्याकडं पळत गेला. मी हौदाजवळ उभी होते आणि भिंतीवरचा तो पंजा कडेनं वाळत चालला होता. बोटं आधी गेली. मला वाटत होतं, तो पुसला की आपल्याला काहीच कळणार नाही.

भाऊ आला, त्याला धाप लागली होती. "कुलूप हाय. दोर जागेवर हायेत. पाणी हाललं बी न्हाई." आणि त्याच वेळी घराकडून दुसऱ्या मॅडम आल्या, मागं मुलं. चार नाही, तीन. मी सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. अडतीस. परत मोजलं, उलट्या बाजूनं. अडतीस. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ तिथंच हौदाच्या कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, "अक्का, तुझ्या या पंज्यापायी मी आज वर जाऊन आल्तो." मुलं हसली. हसली नाही ती एक मुलगी, दुसऱ्या ओळीतली, दोन वेण्या घातलेली. तिनं डावा हात पाठीमागं धरला होता.

मी तिच्यासमोर बसले. माझा गुडघा वाजला तरी बसले. तुमच्यासारखी उकिडवी. तुझा होता का, विचारलं. तिनं मान हलवली आणि रडायला लागली. मग हुंदके देत म्हणाली, "मी विसरले. माझा तोच हात पुढं येतो. आजी म्हणते, तो हात चांगल्या कामाला लावायचा नसतो." मॅडमनी सांगितलं, ती डावखुरी आहे. आम्ही दुपारपर्यंत दोनदा हात मोजले तेव्हा तिनं आठवणीनं उजवा उमटवला होता. शेवटी दमून गेली आणि हात आपल्या सवयीनं पुढं झाला. तिला वाटलं, आता मला कळलं तर मीही आजीसारखी रागावणार. म्हणून अडतीस मुलांत कुणी हरवलं नाही याचा ती एकटी जिवंत पुरावा असून गप्प बसून राहिली, आणि तिच्यामुळं माझा भाऊ तळ्याकडं पळत होता.

नियम तर मीच केला होता, उजवा हात म्हणून. तुमचा नियम होता म्हणून विचार न करता उचललेला. मी तिला म्हटलं, तुझा हात धुतलेला होता का? हो. मग तो चांगलाच आहे. चल, दाखव. तिनं डावा हात पाण्यात बुडवून भिंतीवर टेकवला, चांगला दाबून. मग सगळ्याच मुलांना डावे हात उमटवायचे झाले आणि बस आणखी पंधरा मिनिटं थांबली. आता रीत बदलली आहे, बाई. हात कोणताही, पण पंजा उमटवताना आपलं नाव मोठ्यानं सांगायचं आणि मी त्या मुलाच्या तोंडाकडं बघायचं. तुम्हाला हे पटेल असं वाटतं. माझ्या त्या लबाडीनंतर तुम्हीही डोकी मोजायला लागला होतात.

रात्री मैत्रिणीला फोन केला. ती परतूरला असते, नातवंडं आहेत, कमरेचं दुखणं आहे, बाकी मजेत आहे. तिनं सगळं ऐकलं, मधे मधे "हां, मंग?" करत. भाऊ पळाला तिथं ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिला म्हटलं, मी बाईंना पत्र लिहायचं म्हणतेय. ती म्हणाली, "लिही की. पण बराबर लिही. बोरं कोणी खाल्ली व्हती ते बी लिही." आणि नातू रडतोय म्हणून फोन ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. पन्नास वर्षांत कधीच नव्हता, हेच मला जड जातं.

तुम्ही गेल्याची बातमी आमच्या कार्यालयात आली तेव्हा पानं छपाईला सुटायला दहा मिनिटं होती आणि तळाशी चार ओळींची जागा होती. मी चार ओळी लिहिल्या. विद्यार्थिप्रिय शिक्षिका, असं त्यात घातलं, जे सगळ्यांनाच घालतात. साबण बसला नाही. हौद बसला नाही. आणि जे तुम्हाला तुमच्या स्वयंपाकघरातच सांगायला हवं होतं, ते तर चाळीस ओळी असत्या तरी मी घातलं नसतं.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. हौदाजवळच्या खोलीत साबणाच्या वड्यांचा पत्र्याचा डबा आहे, त्याच्या तळाशी घडी घालून ठेवीन. परवाची ती मुलगी रडत का होईना, माझ्यासमोर बोलली. मी पाटावर बसून, तोंडात तुमची पोळी, नुसती मान हलवली होती. तिनं मला काही सांगितलं नव्हतं, बाई. बोरं मला हवी होती. विहीर बघून ती नको म्हणत होती. मीच म्हटलं, तू जा, तुझा पंजा मी मारते.